लांब मानेच्या डायनोसॉरांचे शरीर चालत तरी कसे होते?

वरोऱ्याचा शिक्षक (प्रश्न)

मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या महिन्यात नववीच्या मुलांना पिसदुरा परिसरात नेले होते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, तिथल्या ‘लॅमेटा’ नावाच्या खडकथरांतील डायनोसॉरांची हाडे आणि दगड झालेली विष्ठा अभ्यासकांना ठाऊक आहे. आपल्याच जिल्ह्यातील डोंगरगावच्या टेकडीवर सापडलेल्या ज्या टायटॅनोसॉरचे (लांब मानेच्या डायनोसॉरांचा एक गट) वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याला २००३ पासून ‘इसिसॉरस’ म्हणतात आणि हे नाव कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले आहे, इतके मी मुलांना सांगू शकलो. माझी तयारी तेवढीच होती.

परतताना बसमध्ये एका मुलीने विचारले, “सर, मी खाली बसून एकदम उठले की मला भोवळ येते. मग या प्राण्याने पाणी पिऊन मान वर केली की त्याला भोवळ येत नसेल का?” मी उत्तर टाळले, आणि हे तिच्या लक्षात आले असावे.

तेव्हापासून मी वाचतो आहे. पण वाचावे तितका गोंधळ वाढतो. डायनोसॉर हे सरपटणारे प्राणी असल्यामुळे शीतरक्ती होते, असे आम्ही शिकलो आणि तसेच शिकवत आलो. आता ते उष्णरक्ती होते असे वाचनात येते. आमच्या शाळेतील एक ज्येष्ठ सहकारी ठामपणे सांगतात की त्या काळी पृथ्वीचे गुरुत्वाकर्षणच कमी होते, एरवी एवढा देह उभाच राहिला नसता. तीस-चाळीस टनांच्या प्राण्याचा श्वास, रक्ताभिसरण आणि शरीराची उष्णता यांचा मेळ कसा बसत होता, आणि हे आज हाडांवरून कोणत्या आधाराने सांगता येते, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

भूस्तर

गुरुजी, गुरुत्वाकर्षणाचा मुद्दा आधी निकालात काढतो. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या वस्तुमानावर आणि त्रिज्येवर अवलंबून असते, आणि गेल्या वीस-पंचवीस कोटी वर्षांत या दोहोंत दखल घ्यावी असा बदल झालेला नाही. शिवाय सॉरोपॉडांचे, म्हणजे या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांचे, पाय पाहिले की त्यांच्यावर किती भार होता ते दिसतेच. सिरोंचापलीकडे गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या बारापासॉरस या सॉरोपॉडाचे मांडीचे हाड सुमारे १.७ मीटर लांबीचे आहे, आणि ते शरीराखाली खांबासारखे सरळ उभे राहते. सरड्याच्या मांडीसारखे बाजूला फाकत नाही. (हाडे गोळा करण्याचे काम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी चालू होते, म्हणून त्याच्या जातीचे नाव ‘टागोराय’. ‘बारापा’ म्हणजे मोठ्या पायाचा.)

हा भार पेलण्यासाठी हे प्राणी पाण्यात बुडून राहत असावेत, असेही एके काळी मानले जाई. केर्मॅक यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले की धड कित्येक मीटर खोल पाण्यात आणि नाक पृष्ठभागावर अशा स्थितीत पाण्याच्या दाबामुळे छाती फुगवणेच अशक्य होईल. पाण्यातले ते जुने चित्र त्यानंतर हळूहळू पुस्तकांतून गेले, तरी खेळण्यांच्या खोक्यांवर अजून सापडते.

आता हाडांविषयी. हाडाची अतिशय पातळ चकती कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर ते हाड किती वेगाने वाढले हे त्याच्या विणीवरून कळते. सावकाश वाढलेल्या हाडात तंतू एकमेकांना समांतर, शिस्तीत रचलेले असतात आणि रक्तवाहिन्यांच्या जागा मोजक्याच दिसतात. मगरीचे हाड साधारण असे असते. वेगाने वाढलेल्या हाडात मात्र आधी घाईघाईने विस्कळीत जाळी उभी राहते, तिच्यात रक्तवाहिन्यांच्या असंख्य पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्या मागाहून भरत जातात. गाय, हत्ती, शहामृग यांची हाडे अशी असतात. सॉरोपॉडांची हाडे बहुतांशी या दुसऱ्या प्रकारची आहेत. खोडातील वार्षिक वलयांसारख्या वाढ थांबल्याच्या रेषाही अनेक डायनोसॉरांच्या हाडांत असतात, आणि त्यांवरून वय मोजता येते. टायरॅनोसॉरस रेक्सच्या अशा रेषा मोजून २००४ मध्ये जो अभ्यास झाला, त्यानुसार ऐन वाढीच्या वर्षांत या प्राण्याचे वजन दिवसाला सुमारे दोन किलोने वाढत असे, आणि अभ्यासलेल्यांपैकी सर्वांत वयस्क प्राणी अवघ्या २८ वर्षांचा होता.

टायटॅनोसॉरांच्या बाबतीत हा वेग अधिकच नजरेत भरतो, कारण त्यांची अंडी लहान असत. नर्मदेच्या खोऱ्यात सापडणारी अंडी साधारण १५ ते २० सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे मध्यम नारळाएवढी आहेत. अंडे याहून फार मोठे करायचे तर कवच जाड करावे लागते, आणि जाड कवचातून पिलाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, शिवाय ते फोडताही येत नाही. त्यामुळे तीस टनांच्या मादीचे पिलू जन्मतः तीन-चार किलोंचेच असणार. मादागास्करमधील रापेटोसॉरस या टायटॅनोसॉरच्या एका पिलाची हाडे २०१६ मध्ये अभ्यासली गेली. ते पिलू जन्मानंतर ३९ ते ७७ दिवसांच्या दरम्यान केव्हातरी मेले होते, आणि तेवढ्या अवधीत त्याचे वजन ४० किलोंपर्यंत गेले होते. हा वेग मगरीच्या पिलाच्या आवाक्यातला नाही.

मादागास्कर हे दूरचे उदाहरण वाटू देऊ नका. पिसदुऱ्याचा थर साचण्याआधी काही कोटी वर्षे ते आणि भारत एकाच भूखंडात होते, आणि तिथले डायनोसॉर हे आपल्याकडच्या डायनोसॉरांचे जवळचे भाऊबंद आहेत.

पशुवैद्यक

मी कुक्कुटपालनाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे श्वासाविषयी लिहितो. डायनोसॉरांच्या शरीरशास्त्राची खरी किल्ली रक्ताच्या उष्णतेपेक्षा श्वासात आहे, असे माझे मत आहे.

कोंबडी साफ करताना पाठीच्या बाजूला बरगड्यांच्या खोबणीत रुतून बसलेला, बोटाने खरवडून काढावा लागणारा गुलाबी स्पंजासारखा भाग सर्वांनी पाहिला असेल. ते तिचे फुप्फुस. आकाराने ते लहान असते आणि आपल्या फुप्फुसासारखे फुगत-मिटत नाही. फुगण्याचे काम त्याला जोडलेल्या वायुकोशांकडे असते. मेलेला पक्षी शवविच्छेदनासाठी उघडला की हे वायुकोश प्रथम दिसतच नाहीत, कारण निरोगी वायुकोश साबणाच्या फुग्याइतके पातळ आणि पारदर्शक असतात. श्वसनाचा जुनाट आजार झालेल्या पक्ष्यात मात्र ते धुरकट होतात आणि त्यांत पनीरासारखा पिवळा थर साचलेला असतो. आम्ही रोगनिदान बऱ्याचदा त्यावरूनच करतो.

आत घेतलेली बरीचशी हवा आधी मागच्या वायुकोशांत जाते, तिथून फुप्फुसातून पुढच्या वायुकोशांत येते आणि मग बाहेर पडते. म्हणजे हवेचा एक घोट पूर्ण पार व्हायला दोन श्वास लागतात, पण फुप्फुसातून हवा सतत एकाच दिशेने वाहते आणि श्वास सोडतानाही प्राणवायू मिळत राहतो. आता डायनोसॉरांशी संबंध पाहा. या वायुकोशांचे फाटे पक्ष्याच्या हाडांतही शिरतात. अठराव्या शतकात जॉन हंटर यांनी दाखवले होते की पक्ष्याची श्वासनलिका बांधली आणि पंखाचे वरचे हाड कापून उघडे ठेवले, तर तो त्या हाडातून श्वास घेऊ शकतो. वायुकोश स्वतः अश्मीभूत होत नाही. पण तो हाडात शिरतो तिथे छिद्र, आणि आत कप्पे ठेवून जातो.

अगदी असेच कप्पे सॉरोपॉडांच्या मानेच्या आणि पाठीच्या मणक्यांत आहेत. कित्येक मणक्यांचे निम्म्याहून अधिक आकारमान हवेचे होते, आणि टायटॅनोसॉरांचे मणके तर आतून मधाच्या पोळ्यासारखे दिसतात. मांसाहारी डायनोसॉरांतही हीच रचना आढळते. नर्मदेच्या राजासॉरसचा नातलग असलेल्या मादागास्करच्या माजुंगासॉरसवर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात तिचे तपशील पक्ष्यांशी पडताळून दाखवलेले आहेत.

सॉरोपॉडांना याचा उपयोग दुहेरी होता. एक तर मान हलकी झाली. दुसरा उपयोग समजण्यासाठी एक हिशेब करावा लागेल. आपण अर्धा लिटर हवा आत घेतो, तेव्हा त्यातील सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकेतच राहते आणि उपयोगाविना बाहेर जाते. सॉरोपॉडाची श्वासनलिका १० मीटर लांब आणि १० सेंटिमीटर व्यासाची मानली, तर तिच्यात सुमारे ७८ लिटर हवा नुसती अडकून पडते. प्रत्येक श्वासाला आधी ही शिळी हवा परत आत येणार आणि मगच ताजी. सस्तन प्राण्याच्या फुप्फुसाने हे गणित फार महागात पडते. पक्ष्यांच्या श्वासनलिकेचे आकारमान सारख्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या सुमारे साडेचार पट असते, तरी त्यांचे अडत नाही, कारण वायुकोशांमुळे त्यांचा एकेक श्वास खोल आणि सावकाश असतो. जिराफाची मान दोन मीटरच्या आसपास थांबली आणि सॉरोपॉडांच्या माना दहा मीटरच्या पुढे गेल्या, यामागे हे एक मोठे कारण आहे.

दुसरे कारण तोंडात आहे. सॉरोपॉड चावत नसत, ओरबाडून गिळत. त्यामुळे दाढा आणि जबड्याचे अवजड स्नायू यांची गरज नव्हती आणि डोके लहान राहिले. लांब काठीच्या टोकाला जड वजन बांधून पाहिले की याचे महत्त्व हाताला कळते.

एक सावधगिरी मात्र हवी. हवा एकाच दिशेने वाहणे ही केवळ पक्ष्यांची मक्तेदारी नाही. मगरीच्या कुळातील ॲलिगेटरच्या फुप्फुसातही तसेच घडते, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. त्यामुळे ही युक्ती डायनोसॉरांहूनही जुनी असावी. हाडांत शिरणारे वायुकोश ही त्यावरची पुढची भर.

नाडीपरीक्षा

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला फार आवडला. मी डॉक्टर आहे, त्यामुळे रक्तदाबापुरते लिहितो.

रक्तदाब मोजताना हात हृदयाच्या पातळीवर ठेवायला सांगतात, त्याला कारण आहे. हात १० सेंटिमीटर वर उचलला तर आकडा सुमारे ८ मिलिमीटर पाऱ्याने कमी येतो. एक मीटर उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब साधारण ७८ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, हा त्यामागचा हिशेब. आपला मेंदू हृदयापासून फूटभरच वर आहे, म्हणून आपले भागते. तरीही एकदम उठल्यावर अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे ओढले जाते, आणि रक्तवाहिन्या आवळून हृदयाची गती वाढेपर्यंतचे दोन-चार क्षण भोवळ येते. जिराफाच्या हृदयाजवळचा सरासरी रक्तदाब आपल्या दुपटीहून अधिक, २०० मिलिमीटरच्या वर असतो. मान खाली-वर करतानाचा धक्का सोसण्यासाठी त्याच्या मानेच्या शिरांत झडपा असतात, आणि पायांची कातडी घट्ट मोज्यासारखी आवळलेली असते.

आता बॅरोसॉरससारख्या प्राण्याची नऊ मीटरची मान सरळ उभी केली आहे, असे समजा. नुसते रक्त वर चढवायलाच ९ गुणिले ७८, म्हणजे सुमारे ७०० मिलिमीटर दाब हवा. रॉजर सेमूर आणि हार्वे लिलिव्हाइट यांनी २००० मध्ये हा हिशेब पुढे नेला, तेव्हा हृदयाचा डावा कप्पा तेवढ्याच वजनाच्या देवमाशाच्या कप्प्यापेक्षा सुमारे १५ पट जड असावा लागेल, असे उत्तर आले. असे हृदय स्वतःलाच रक्त पुरवताना दमेल. त्यावरून त्यांचा निष्कर्ष असा की हे प्राणी मान फारशी वर उचलत नसत. एका जागी उभे राहून ती आडवी फिरवत आणि आसपासचा पाला ओरबाडत.

सायफनच्या नळीप्रमाणे उतरणारे रक्त चढणाऱ्या रक्ताला ओढून घेत असेल, ही कल्पना वाचायला आकर्षक आहे, पण मला ती पटत नाही. सायफनला कडक भिंतीची नळी लागते. मानेतल्या शिरा हृदयाच्या वरच्या पातळीवर चपट्या होतात. स्वतःच्या मानेवरची फुगलेली शीर आडवे पडल्यावर दिसते आणि उठून बसल्यावर नाहीशी होते, हे आरशात पाहून कोणालाही तपासता येईल.

पशुवैद्यक

डॉक्टरसाहेब, हिशेब बरोबर आहे, परंतु दुसरी बाजूही मांडतो. टेलर, वेडेल आणि नाइश यांनी २००९ मध्ये दाखवले की आजचे बहुतेक जमिनीवरचे चतुष्पाद आणि पक्षी स्वस्थ उभे असताना मान बुडाशी वर उचललेली ठेवतात. सशाची मान बाहेरून दिसतही नाही. पण क्ष-किरण चित्रात ती जवळजवळ उभी असते. सॉरोपॉडच तेवढे अपवाद का असावेत, हा त्यांचा सवाल आहे. नऊ मीटरची मान उभी करायची आणि ती तिरकी, अर्धी वर धरायची, या दोन्हींत चढाची उंची निम्म्याने बदलते, आणि रक्तदाबाचे गणितही.

शिवाय सर्व सॉरोपॉड एकाच साच्याचे नव्हते. गुरुजींच्या जिल्ह्यातला इसिसॉरस इतर सॉरोपॉडांच्या मानाने आखूड मानेचा आणि लांब पुढच्या पायांचा होता. त्याच्या मानेचा चढ लहान, म्हणून हृदयावरचा बोजाही कमी. त्या मुलीला हे सांगता येईल की आपल्या जिल्ह्यातल्या प्राण्याला भोवळ येण्याचे कारण बॅरोसॉरसपेक्षा कमी होते.

शंकेखोर

सगळे वाचले. मूळ प्रश्न तसाच राहिला: रक्त थंड की उष्ण? एका शब्दात उत्तर का देत नाही कोणी?

भूस्तर

एका शब्दात उत्तर द्यायला प्रश्नातले शब्दच धड नाहीत. उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त तुमच्या-माझ्याइतके गरम असते, तरी त्याला शीतरक्ती म्हणतात. विचारण्याच्या गोष्टी खरे तर दोन आहेत: शरीरातील उष्णता बाहेरून येते की अन्न जाळून आतून निर्माण होते, आणि तापमान स्थिर राहते की हवेबरोबर बदलते.

तापमान मोजण्याचा एक विलक्षण मार्ग सापडला आहे. दाताच्या कवचात थोडे कार्बोनेट असते. त्यातील कार्बनचा जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा अधिक वजनाचा अणू), कार्बन-१३, आणि ऑक्सिजनचा जड समस्थानिक, ऑक्सिजन-१८, हे एकाच रेणूत जोडीने किती वेळा येतात, हे ते कवच तयार होतानाच्या तापमानावर ठरते. थंडीत जोड्या जास्त जुळतात, उष्णतेत कमी. प्राणी कोणते पाणी प्यायला हे माहीत असण्याची या पद्धतीत गरज नसते, हा तिचा मोठा गुण आहे. रॉबर्ट ईगल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये टांझानिया आणि अमेरिकेतील सॉरोपॉडांचे दात अशा रीतीने तपासले, तेव्हा तापमान ३६ ते ३८ अंश सेल्सिअस आले. म्हणजे आपल्यासारखेच.

यावरून लगेच ‘उष्णरक्ती’ असा शिक्का मारण्याचा मोह होतो, पण थांबा. प्राण्याची लांबी दुप्पट झाली की त्वचेचे क्षेत्रफळ चौपट आणि वजन आठपट होते, त्यामुळे मोठा देह निवायला फार वेळ लागतो. लेदरबॅक हे समुद्री कासव याच जोरावर थंड समुद्रातही अंग पाण्यापेक्षा बरेच गरम ठेवते. केवळ आकारावरून मांडलेल्या एका गणितानुसार या सॉरोपॉडांचे तापमान ४० अंशांच्या वर जायला हवे होते, आणि प्रत्यक्षातील आकडे त्याहून ४ ते ७ अंशांनी कमी निघाले. म्हणजे त्यांची अडचण अंग गरम ठेवण्याची नव्हती, निववण्याची होती. लांब मान, लांब शेपूट आणि धडभर पसरलेले वायुकोश यांतून उष्णता बाहेर पडत असावी, किंवा पूर्ण वाढ झाल्यावर शरीरातील ज्वलनच मंदावत असावे. मला दोन्ही एकत्र संभवतात असे वाटते. चार किलोंचे पिलू आणि तीस टनांचा प्रौढ यांचे शरीर एकाच पद्धतीने चालत असेल, हे गृहीत धरणेच चुकीचे आहे.

आणि ‘डायनोसॉर’ हा एकच प्राणी नव्हे. चीनमधील युटिरॅनस सुमारे दीड टनाचा मांसाहारी होता आणि त्याच्या अंगावर पिसे होती, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. दीड टनाचा प्राणी पिसांची गोधडी पांघरतो, त्याअर्थी आत काहीतरी पेटलेले होते. उलट २०२२ मध्ये हाडांतील रासायनिक अवशेषांवरून झालेल्या एका अभ्यासात ट्रायसेराटॉप्स आणि स्टेगोसॉरस यांचे ज्वलन बरेच मंद असल्याचे म्हटले आहे. त्या पद्धतीवर आक्षेप आहेत, म्हणून मी तिच्यावर फार भिस्त ठेवत नाही.

वरोऱ्याचा शिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. सहकाऱ्यांना केर्मॅक यांचा पाण्याचा मुद्दा सांगितला. गुरुत्वाकर्षणाचा हट्ट त्यांनी सोडलेला नाही, पण मांडीच्या हाडाचे माप वहीत लिहून घेतले आहे.

त्या मुलीला रक्तदाबाचा हिशेब फळ्यावर करायला दिला. तिने नऊ मीटर, सहा मीटर आणि तीन मीटर असे तीन आकडे घेऊन दाब काढले, आणि मग विचारले की डोके खाली नेल्यावर हाच सगळा दाब उलटा डोळ्यांवर आणि मेंदूवर येत असणार, त्याचे काय. डॉक्टरसाहेब, जिराफात यासाठी मानेतल्या झडपांखेरीज आणखी काही सोय असते का, तेवढे लिहावे.

नाडीपरीक्षा

असते. मेंदूच्या बुडाशी धमनीचे बारीक फाटे फुटून त्यांचे जाळे बनलेले असते. ते मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा जोर थोपवते. गाय-मेंढीतही असे जाळे असते, त्यामुळे पशुवैद्यकांना ते प्रत्यक्ष दाखवता येईल. सॉरोपॉडांचे जाळे मऊ ऊतींचे असल्याने थरांत टिकणार नाही. कवटीतील रक्तवाहिन्यांची छिद्रे मात्र टिकतात, आणि त्यांचा व्यास मोजता येतो. तिला पुढचा आकडा हवा असेल तर तो तिथून काढता येईल.